निघ्त, लिघ्त, फिघ्त

गेल्या आठवड्यात वर्डलमध्ये मी हरलो आणि तेही शेवटची चार अक्षरे हिरवी झालेली असताना. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. योग्य जागी पडलेले अक्षर हिरवे होते, शब्दात असलेले पण जागा चुकलेले अक्षर पिवळे होते आणि शब्दात नसलेले करडे राहते. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या जॉश वॉर्डल या अभियंत्याने आपल्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी तो तयार केला आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वांसाठी खुला केला. पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द सुमारे १२ हजार भरतात. त्यांतले ओळखीचे असे सुमारे अडीच हजार शब्द शाह यांनी वेचून काढले आणि तेवढेच उत्तरांसाठी ठेवले. खेळ चालला तो या निवडीमुळे, असे माझे मत आहे, कारण कोशात दडलेल्या विचित्र शब्दांशी झटापट करण्यात कोणालाही रोज सकाळी रस नसतो.

माझा तिसरा प्रयत्न 'नाइट' होता, म्हणजे रात्र या अर्थाचा. पहिले एन करडे राहिले आणि आय, जी, एच, टी ही चारही अक्षरे हिरवी झाली. आता काय, जिंकल्यातच जमा, असे समजून मी चहाचा घोट घेतला, आणि मग लक्षात आले की या शेपटीचे नेहमीच्या वापरातले आठ शब्द आहेत: एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट आणि टाइट. एक गेला तरी सात उरले आणि हातात प्रयत्न तीनच. मी एकेक शब्द टाकत गेलो, लाइट, राइट, फाइट, आणि उत्तर निघाले 'टाइट'.

वास्तविक अशा वेळी जिंकण्याचा मोह क्षणभर बाजूला ठेवून उत्तर असणे शक्यच नाही असा शब्द टाकायचा असतो. चौथ्या प्रयत्नात मी 'फ्लेम' लिहिले असते तर एफ, एल, एम आणि ई ही चार अक्षरे एका फटक्यात तपासून झाली असती. त्यांतले एखादे रंगले असते तर उत्तर तिथेच सापडले असते, आणि सगळी करडी राहिली असती तर फक्त राइट, साइट आणि टाइट उरले असते. मग पाचव्या प्रयत्नात 'शॉर्ट' टाकायचे. पहिले एस हिरवे झाले तर साइट, आर पिवळे झाले तर राइट, दोन्ही करडी राहिली तर टाइट. सहाव्या प्रयत्नात उत्तर हमखास. पण मिळालेली अक्षरे पुढच्या प्रत्येक प्रयत्नात वापरलीच पाहिजेत, असा नियम असलेला 'हार्ड मोड' मी केवळ ऐटीखातर चालू ठेवला होता आणि त्यात 'फ्लेम' चालतच नाही.

माझी हार आईने शेजारी बसून पाहिली. ती मराठी शाळेत शिकली, इंग्रजी पाचवीपासून, आणि स्पेलिंग पाठ करण्याची तिची पद्धत त्या पिढीतल्या सगळ्यांचीच होती: जसे लिहिलेले दिसते तसेच म्हणायचे. चाकूला 'क्निफे', बुधवारला 'वेडनेसडे'. पडद्याकडे पाहून ती म्हणाली, "अरे, निघ्त, लिघ्त, फिघ्त सगळे एकाच माळेतले. टिघ्त राहिलाच की तुझा." या खेळात आपला कान उपयोगाचा नसतो, हे तेव्हा मला नीट कळले. आपण अक्षर मोजतो ते उच्चारावर. नमः शिवाय हा पंचाक्षरी मंत्र न, म, शि, वा, य असा बोटांवर मोजता येतो. 'टाइट' मात्र आपल्या लेखी तीन अक्षरांचे आणि इंग्रजीच्या लेखी पाचांचे, कारण त्यातली जी आणि एच ही दोन अक्षरे मुकी आहेत.

ती नेहमीच मुकी नव्हती. जुन्या इंग्रजीत रात्रीला 'निह्त' म्हणत आणि मधला वर्ण घशातून, खरखरीत 'ख'सारखा निघत असे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर लेखनिकांच्या हातून तो पुढे जीएच असा लिहिला जाऊ लागला. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि छापील स्पेलिंग हळूहळू घट्ट होत गेले. त्याच सुमारास दक्षिण इंग्लंडच्या बोलीतून तो आवाज विरत चालला होता. आवाज गेला, अक्षरे राहिली. जर्मनमध्ये आजही 'नाख्ट' म्हणतात आणि स्कॉट लोकांच्या बोलीत 'निख्ट' ऐकू येते.

आपल्यालाही हे घराणे परके नाही. नक्तभोजन, म्हणजे उपासाच्या दिवशी फक्त रात्री जेवणे, यातला संस्कृत 'नक्त' आणि इंग्रजी 'नाइट' एकाच मुळाचे. तसेच एट आणि अष्ट, राइट आणि ऋजु, आणि हलका या अर्थाचा लाइट व लघु. प्रकाश या अर्थाचा लाइट मात्र वेगळ्या मुळातून आला आणि स्पेलिंगमध्ये येऊन याला मिळाला.

हे सगळे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले, मधल्या हरवलेल्या आवाजासकट. तिने शांतपणे ऐकून घेतले, चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, "म्हणजे निघ्त म्हटले म्हणून बाईंनी मला तासभर बाकावर उभे केले होते, ते उगाचच."