फुकट आहे ना, मग खर्च कसला?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो अकाउंट्समधल्या साहेबांनी, माझ्या अर्जावर बोट ठेवून, चष्म्याच्या वरून बघत. अर्जात मी ‘लॉगिन सॉफ्टवेअरची वार्षिक देखभाल’ असं लिहून थोडी रक्कम मागितली होती, आणि कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे नमूद केलं होतं की सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. तो प्रामाणिकपणा नडला. “फुकट आहे ना, मग खर्च कसला?” आणि वर नियमाप्रमाणे तीन कोटेशनं जोडायला सांगितली. फुकट वस्तूची तीन कोटेशनं कुठून आणायची हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हापासून हा प्रश्न प्राचार्यांनी विचारला, लग्नाच्या पंगतीत नातेवाइकांनी विचारला. गेल्या महिन्यात दोन मुलं भेटायला आली, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघांना असंच एखादं खुलं लॉगिन सॉफ्टवेअर सुरू करायचंय. त्यांनी तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारला: “सर, कोड आम्ही सुट्टीत लिहून काढू. पुढे मग काय लागतं?” त्या दोघांना जे सांगितलं तेच इथे सांगतो.

मी एका कॉलेजच्या संगणक विभागात २००९ पासून लॉगिनचं काम बघतो. विद्यार्थ्याने एकदा पासवर्ड टाकला की ग्रंथालयाची जर्नल्स, परीक्षेचे अर्ज, ई-मेल, सगळं उघडलं पाहिजे. त्यामागचं मोठं सॉफ्टवेअर जगाने लिहिलेलं आहे. आमच्या प्रवेशयादीला ते जोडणारा एक छोटा तुकडा मी आणि आणखी दोघं मिळून लिहितो, तोही खुला. इतरही काही कॉलेजं तो वापरतात. त्यांच्या तक्रारी आल्या की कळतं, वापरतात ते.

खर्चाची सुरुवात कोडच्या कितीतरी आधी होते. माणसाला ओळखायचं कशावरून, इथे. सुरुवातीला आम्ही नावावरून आयडी बनवला: आद्याक्षर, टिंब, आडनाव. पश्चिम महाराष्ट्रात एस. पाटील किती असतील याचा विचार करायला हवा होता. एक पास होऊन गेला, त्याचा आयडी रिकामा दिसला म्हणून दुसऱ्याला दिला, आणि नव्या पाटलाला जुन्या पाटलाने जतन करून ठेवलेले शोधनिबंध दिसायला लागले. हे शोधनिबंधांवर भागलं. वसतिगृहाची थकबाकी दिसली असती तर? मग लग्नानंतर नाव बदललेल्या प्राध्यापिका आल्या. आडनाव बदललं म्हणून ई-मेल बदलला, ई-मेल बदलला म्हणून यंत्राच्या लेखी बाई नव्या झाल्या आणि पंधरा वर्षांचं जुनं खातं बेवारस झालं. मग दक्षिणेतला एक विद्यार्थी आला, ज्याला आडनावच नव्हतं. एलडॅप नावाची जी जुनी निर्देशिका-पद्धत जगभर चालते, तिच्यात ‘व्यक्ती’ म्हणून नोंद करायची तर आडनाव सक्तीचं आहे. आम्ही त्या रकान्यात एक टिंब टाकलं. त्या मुलाच्या ग्रंथालय-कार्डावर चार वर्षं नावापुढे टिंब छापून येत होतं.

शेवटी ठरवलं की ओळख म्हणजे एक अर्थहीन क्रमांक. त्यात नाव नाही, वर्ष नाही, शाखा नाही, आणि एकदा दिला की माणूस गेला तरी तो परत कुणाला द्यायचा नाही. दोन ओळींचा निर्णय आहे, पण जुनी खाती त्यावर आणायला आमचं अख्खं वर्ष गेलं. त्या मुलांना मी म्हटलं, पहिल्या आठवड्यात फक्त एवढंच ठरवा आणि भिंतीवर लिहून ठेवा. रंग, बटणं, मोबाईल ॲप नंतर करता येतं.

आम्ही ज्या सॉफ्टवेअरवर शिकलो त्याचं नावच ओळख पटवण्याच्या एका भयंकर गोष्टीवरून आलंय. बायबलमध्ये शास्त्यांच्या पुस्तकात आहे: गिलादच्या लोकांनी यार्देन नदीचे उतार अडवले आणि पार होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावलं. एफ्राइमी माणसाला ‘श’ जमायचा नाही, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणायचा आणि मारला जायचा. असे ४२,००० मेले म्हणतात. (आपणही बाहेरच्या माणसाकडून ‘ळ’ म्हणवून घेतो, पण हसून सोडून देतो.) शिबोलेथ हा प्रकल्प अमेरिकेत इंटरनेट२ या विद्यापीठांच्या संघटनेने २००० साली हाती घेतला आणि २००३ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. कल्पना अशी की विद्यार्थ्याचा पासवर्ड त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाकडेच राहावा. बाहेरच्या प्रकाशकाला विद्यापीठाने फक्त सही करून सांगावं, ‘हा आमचा आहे.’ आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राने चालवलेला इन्फेड हा विद्यापीठांचा लॉगिन-महासंघ त्याच शिबोलेथवर उभा आहे. रात्री घरून जर्नल उघडणाऱ्या कित्येकांना हे नाव माहीतही नसतं, आणि नसलेलंच बरं. लॉगिनचं नाव लोकांच्या तोंडी येतं ते बंद पडल्यावरच.

आता शिबोलेथचं भागतं कसं ते ऐका. सुरुवातीची वर्षं अनुदानावर गेली. अनुदान नवं काही बांधायला मिळतं, बांधलेलं सांभाळायला क्वचितच मिळतं. म्हणून २०१३ मध्ये शिबोलेथ कन्सॉर्शियम स्थापन झाला, अगदी आपल्या वर्गणीसारखा. निरनिराळ्या देशांतली शैक्षणिक नेटवर्कं आणि विद्यापीठं दरवर्षी पैसे भरतात आणि त्यातून मोजक्याच माणसांचा पगार निघतो. वर्गणी न भरणाऱ्यालाही सॉफ्टवेअर मिळतंच. मंडळाच्या मांडवात वर्गणीची पावती बघून आत सोडत नाहीत, तसंच. मला ही रचना आवडते कारण पैसे तेच देतात ज्यांचं दार बंद पडलं तर सकाळी फोन खणखणणार आहेत.

एकाच यजमानावर चालणाऱ्या प्रकल्पांची कथा वेगळी. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने आपलं लॉगिन-सॉफ्टवेअर ‘ओपनएसएसओ’ नावाने खुलं केलं होतं. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि या प्रकल्पाकडे पाठ फिरवली. सनमधून बाहेर पडलेल्या काही जणांनी नॉर्वेत फोर्जरॉक ही कंपनी काढली आणि तोच कोड ‘ओपनएएम’ म्हणून पुढे नेला. लायसन्स खुलं होतं म्हणून ते शक्य झालं. २०१६ च्या सुमारास फोर्जरॉकनेही नवा कोड बंद दाराआड नेला. जुन्या खुल्या फांदीला पुन्हा दुसऱ्यांनी पाणी घातलं. २०२३ मध्ये फोर्जरॉक स्वतःच विकली जाऊन पिंग आयडेंटिटीत विलीन झाली. तेरा वर्षांत एवढी घरं फिरला तो कोड. खुल्या लायसन्समुळे कोड मरत नाही हे खरं, पण ज्या चार माणसांना त्यातल्या खाचाखोचा माहीत असतात ती माणसं लायसन्समध्ये येत नाहीत. ती पगाराबरोबर जातात.

कीक्लोक हा असाच खुला लॉगिन-प्रकल्प बऱ्याच जणांना माहीत असेल. रेड हॅट या कंपनीने २०१४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आणली. तोही मूळचा एका यजमानाचा, पण २०२३ मध्ये तो सीएनसीएफ या फाउंडेशनकडे सोपवला गेला, म्हणजे नाव आणि घर दोन्ही कंपनीच्या बाहेर आलं. त्यांची एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगितली. त्यांना आतला सगळा पाया बदलायचा होता, वाइल्डफ्लायवरून क्वार्कसवर जायचं होतं. १७ व्या आवृत्तीपासून नवा पाया मुख्य झाला, जुना काही आवृत्त्या सोबत राहिला आणि २० व्या आवृत्तीत गेला, तारखा आधी सांगून. शिबोलेथनेही दुसरी आवृत्ती ३१ जुलै २०१६ ला संपेल, तिसरी ३१ डिसेंबर २०२० ला संपेल, असं आधीच जाहीर केलं होतं. आम्ही सुरुवातीला असं काही केलं नाही. कुणाला नाराज कशाला करा म्हणून जुन्या आवृत्तीला हात लावला नाही, आणि तिच्यात एक दुरुस्ती करायची तर तीन ठिकाणी करावी लागायची. नवीन काही मागणाऱ्यांनाही आम्ही पटापट हो म्हणायचो. एका कॉलेजला एसएमएसवर ओटीपी हवा, दुसऱ्याला बोटाच्या ठशाचं यंत्र जोडायचं, तिसऱ्याला पालकांचं लॉगिन. प्रत्येक ‘हो’चा हप्ता दहा वर्षं चालतो. आता मी आधी विचारतो, “हे बिघडलं तर रविवारी दुरुस्त कोण करणार?” बहुतेक मागण्या तिथेच संपतात.

रविवारचं म्हटलं ते उगाच नाही. नारायणराव पेशव्यांची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे: ‘धरावे’ लिहिलेल्या हुकमात ‘ध’चा ‘मा’ झाला आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून पडला. आमच्या धंद्यात या ‘ध चा मा’साठीच डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही आणि निरोप फेकून दिला जातो. पण २०१८ च्या फेब्रुवारीत कळलं की सही शाबूत ठेवूनही ‘मा’ करता येतो. समजा ‘रमेश’चं खातं पळवायचंय. ‘रमेशकुमार’ नावाचं स्वतःचं, अगदी अधिकृत खातं काढायचं. लॉगिनच्या निरोपात ‘रमेश’ आणि ‘कुमार’च्या मधे एक टिप्पणी, म्हणजे माणसांसाठीचा शेरा, घुसवायची. सही तपासताना टिप्पण्या गाळल्या जातात, त्यामुळे सही बरोबर ठरते. पण नाव वाचणाऱ्या काही लायब्ररी (म्हणजे कोडचे तयार तुकडे) टिप्पणीपाशीच थांबायच्या, आणि आत जायचा तो ‘रमेश’. एकाच वेळी अनेक लायब्ररींत ही खोट निघाली. आमच्या तुकड्यातही नाव वाचायची तशीच एक ओळ होती, मीच लिहिलेली. दुरुस्ती तीन ओळींची. पण प्रत्येक कॉलेजात फोन करून, सर्व्हरचा पासवर्ड माहीत असलेला माणूस शोधून, ती चढवून घेण्यात आठ दिवस गेले. एका ठिकाणचा तो माणूस दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला होता. साहेबांना ‘खर्च कसला’ याचं उत्तर द्यायचं तर हे आठ दिवस दाखवावे लागतील, आणि ते कुठल्याही कोटेशनवर येत नाहीत.

२०१४ मध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा-सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड नावाची मोठी खोट उघड झाली तेव्हा जगाला कळलं की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप सांभाळणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती. त्यानंतर पैसा आला. पैशाने न सुटणारी गोष्ट २०२४ च्या मार्चमध्ये दिसली. एक्सझेड नावाची फाइल दाबून लहान करणारी साधी लायब्ररी, एकटा थकलेला सांभाळणारा. ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदत करून त्याचा विश्वास मिळवला, हाती किल्ल्या घेतल्या आणि लिनक्सच्या दूरस्थ लॉगिनमध्ये शिरायला चोरवाट ठेवली. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून ती सापडली. आम्ही जगाला ‘हा कोण’ ते सांगणारे, आणि आमच्याच अंगणात मदतीला येणारा कोण हे आम्हाला माहीत नसतं! त्यानंतर आम्ही ठरवलं की एकट्याच्या हाताने कुठलाही कोड आत येणार नाही, आणि थकलं तर थकलोय म्हणून सांगायचं, किल्ली देऊन मोकळं व्हायचं नाही. दुसरा नियम पाळायला जास्त कठीण जातो.

पैशाचं आमच्यापुरतं असं जुळलं: अर्जातला ‘ओपन सोर्स’ शब्द काढला, ‘एएमसी’ म्हणजे वार्षिक देखभाल करार असं लिहिलं, आणि आमच्या तिघांपैकी जो स्वतंत्र काम करतो त्याच्या नावाने बिल आलं. एएमसीचं हेड बजेटमध्ये होतं, म्हणून मंजूर झालं. इतर कॉलेजांपैकी दोघांनी तेच केलं. बाकीचे अजून फुकट वापरतात, आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. चुका सगळ्यात आधी तेच कळवतात.

सगळ्यात महागात पडलेली चूक मात्र सर्टिफिकेटची. आम्ही ज्याने सह्या करतो ते सर्टिफिकेट मी २०१४ मध्ये तीन वर्षांसाठी बनवलं आणि विसरून गेलो. २०१७ मध्ये ते संपलं ते नेमकं परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी. काही सेवा तारीख बघत नाहीत, त्या चालू राहिल्या. परीक्षेची बघत होती. कॉरिडॉरमधून जिन्यापर्यंत मुलं उभी होती आणि मी नवं सर्टिफिकेट बनवताना तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला.

हे सांगितल्यावर त्या दोघांतल्या मुलीने विचारलं, “आताचं कधी संपतंय?” २०३१ चा जून, मी म्हटलं, आणि भिंतीकडे हात केला. दर डिसेंबरला नवं कालनिर्णय आलं की मागच्या बाजूला ती तारीख उतरवून ठेवतो.

“आणि सर, तुम्ही इथे नसाल त्या डिसेंबरला?”

२०३० मध्ये मी निवृत्त होतोय, हे तिला माहीत नव्हतं. तिने तिथेच बसून ती तारीख आमच्या प्रकल्पाच्या खुल्या यादीत टाकली, खाली जबाबदार म्हणून तीन नावं लिहिली. माझं तिसरं.