होयावरचा मिलीबग: पावसाळ्यानंतरची नोंद

माझ्या होयाला, म्हणजे घरातल्या शोभेच्या वेलीला, मिलीबग ही रस शोषणारी पांढरी कीड लागली होती. आता होया सावरतोय. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसत नाही, खाली टेबलावर पडणारा चिकटाही थांबलाय. पण सगळं श्रेय नीम ऑइलला देऊ नका.

फवारणी केली की आठवडाभर शांतता, मग परत तेच. शेवटी एका रविवारी मुंग्यांच्या रांगेचा माग काढला. कुंडी, भिंत, खिडकीची चौकट, आणि तिथून थेट बाहेर ग्रिलमधली जास्वंद. तिच्या शेंड्यांवर मिलीबग खच्चून भरलेला. मुंग्यांना त्याचा गोड चिकटा हवा असतो, म्हणून त्या त्याच्या शत्रूंना हाकलतात, पिल्लांना नव्या फांदीवर नेऊनही सोडतात. घरात कितीही पुसा, माल बाहेरून येतच राहणार.

जास्वंद कडक छाटली, छाटलेलं पिशवीत बांधून टाकलं. कुंडीखाली पाण्याची बशी ठेवायचा उपाय मुंबईत बादच: डास होतात आणि पालिकेची माणसं अळ्या शोधत येतात ती वेगळीच. त्याऐवजी स्टँडच्या पायांना टेप गुंडाळून वर व्हॅसलीन फासलं. रांग तुटली.

होयावर आधी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला ईअरबड, त्याने मिलीबगच्या अंगावरचं मेण निघतं. मग 1 लिटर पाण्यात 5 मिली नीम ऑइल आणि भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब, नाहीतर तेल वर तरंगत राहतं. फवारणी संध्याकाळीच, कारण उन्हात त्यातला कीड मारणारा घटक, अॅझाडिरॅक्टिन, लवकर निकामी होतो. आणि दर आठवड्याला पुन्हा: अंडी वाचतात, नुकत्या निघालेल्या पिल्लांवर मात्र अजून मेण चढलेलं नसतं.

एक गंमत. छाटताना एक ‘मिलीबग’ जरा जास्तच लांब झालरीचा आणि चपळ दिसला. ती क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची अळी, मिलीबग खाऊन जगणारी. ती फांदी तशीच ठेवली, तिथे नीमही मारलं नाही.

कुंड्यांच्या मातीत होणाऱ्या चिलटांचं थोडक्यात: पिवळे चिकट सापळे फक्त उडणारी पकडतात, अळ्या ओल्या कोकोपीटमध्येच (नारळाच्या भुशात) राहतात. वरची दोन इंच माती सुकू दिल्यावर फरक पडला.

आता ऑक्टोबर. एसी सुरू झाला की कोरड्या हवेत अलोकेशिया या शोभेच्या झाडावर लाल कोळी (पानांचा रस शोषणारे सूक्ष्म जीव) येणार, म्हणून तिला आत्तापासूनच बाथरूममध्ये नेऊन पानांची मागची बाजू शॉवरने धुतोय. क्रिप्टोलीमस कुणी ग्रिलमध्ये टिकवून दाखवलाय का?