झेनचा डावा कॅलिपर : खोलला, साफ केला, बसवला

मागच्या वेळी लिहिलं होतं की पाम बीच रोडला ब्रेक मारला की माझी मारुती झेन डावीकडे ओढते. गेल्या आठवड्यात वाशीहून नेरुळला आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. डावीकडचं पुढचं रिम इतकं तापलं होतं की बोट टेकवेना. हवा चारही टायरांत बरोबर होती, म्हणजे कॅलिपरच, ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, पाय काढल्यावरही धरून बसत होता. या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो उतरवला.

गाडी स्टँडवर घेतली, मागच्या चाकांना विटा लावल्या. नुसत्या जॅकवर हे काम करू नका. आतलं पॅड ३ मिलिमीटर उरलं होतं, बाहेरचं ७. खालची स्लाइड पिन, म्हणजे जिच्यावर कॅलिपर सरकतो ती, सुकून घट्ट झाली होती, पण सगळा दोष तिचा नव्हता.

ब्लीडर निपलला, म्हणजे कॅलिपरमधली हवा काढायच्या छोट्या स्क्रूला, आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-४० हा गंज सैल करणारा स्प्रे मारून ठेवला होता. कॅलिपर गाडीवर असतानाच सहा कोनी सॉकेटने ते सैल करून पुन्हा बंद केलं. सुटा कॅलिपर हातात धरून निपलशी झटत बसलं की ते हमखास तुटतं. मग पॅड काढले, मध्ये लाकडाचा ठोकळा धरला आणि बाबांना पेडल हळूहळू दाबायला सांगितलं. पॅडला ढकलणारा पिस्टन सरकत बाहेर आला. कॉम्प्रेसरची हवा मारली की तो गोळीसारखा उडतो, मध्ये बोट असेल तर चेचतं. पेडलचा मार्ग बरा.

खरी गोम आत होती. पिस्टनभोवतीची सील चौकोनी छेदाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर जराशी पिळवटते आणि पाय काढला की सरळ होताना पिस्टनला मागे खेचते. मागे खेचायला या कॅलिपरमध्ये स्प्रिंग नाही, ते काम या रबराचंच. माझ्या कॅलिपरमध्ये रिंगच्या मागे खाचेत तपकिरी थर जमून दगड झाला होता. त्याने रिंग आत रेटली गेली होती आणि पिस्टन आवळला जात होता. नुसती नवी सील टाकली असती तर महिन्याभरात पुन्हा हेच. बांबूच्या काडीने खाच खरवडायला पाऊण तास लागला. स्क्रूड्रायव्हर घातला नाही, बोअरला, म्हणजे पिस्टन बसतो त्या भोकाला, ओरखडा पडला की ऑइल गळतं. धुवायला पेट्रोल वापरलं नाही, त्याने ही सील फुगते. फक्त ब्रेक क्लीनर.

पिस्टनच्या बाहेरच्या टोकाला गंजाचे तीन ठिपके होते, नख अडकेल इतके खोल. आधी वाटलं, ते सीलच्या बाहेरच आहेत, चालेल. पण पॅड झिजले होते म्हणून पिस्टन पुढे आला होता. नवे जाड पॅड घातले की तो मागे जाणार आणि तेच ठिपके सीलवर येणार. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सीलच्या किटबरोबर पिस्टनही नवा आणला.

सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवली, पिस्टन अंगठ्यांनी सरळ दाबत आत गेला. जोर लागत असेल तर तो तिरका आहे, बाहेर काढा. पिनांना सिलिकॉन ग्रीस, होजच्या (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीच्या) बोल्टला नवे तांब्याचे वॉशर.

जुनं ऑइल कडक चहासारखं झालं होतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही हद्द १५५ पर्यंत खाली येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे लक्षात असू द्या, अर्धी वापरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

नळीत शिरलेली हवा काढताना बाबा पेडलवर, मी निपलपाशी. "दाबा... धरून ठेवा... आता सोडा." निपल बंद केल्याशिवाय सोडायचं नाही. सातव्या-आठव्या वेळेपर्यंत पारदर्शक नळीत बारीक बुडबुडे येत होते. मग बाबाच म्हणाले, "अरे, आता पेडल दगडासारखं लागतंय."

संध्याकाळी रिकाम्या गल्लीत हळू वेगात ब्रेक तपासले आणि मगच बेलापूरपर्यंत जाऊन आलो. ब्रेक सरळ लागतो. डावं आणि उजवं रिम सारखंच कोमट. तरी उजव्या कॅलिपरची खाचही तेवढ्याच वर्षांची आहे. त्या बाजूचं किट आणून ठेवलंय, पुढच्या रविवारी तो उतरवतो.