न्यूरोफीडबॅकचे पैसे भरण्याआधी

मी ईईजी टेक्निशियन आहे, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद घेते. आदल्या रात्री केस धुवा, तेल लावू नका, असं पालकांना रोज सांगते. हल्ली तेच मला विचारतात, "मॅडम, न्यूरोफीडबॅकने मुलाचं लक्ष खरंच वाढतं का?" यात मूल स्वतःच्या मेंदूच्या लहरींनी पडद्यावरचा खेळ, म्हणजे एखादं विमान वगैरे, चालवतं; हवी ती लहर आली की खेळ पुढे सरकतो. परवा नाशिकहून मावसबहिणीचा फोन आला. मुलगा चौथीत, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणाचं, निदान झालंय. एका सेंटरने भलंमोठं पॅकेज सांगितलंय. "ताई, त्याच्या नावची एफडी मोडू का?" मी स्पष्ट नको म्हटलं.

ही पद्धत हवेतून आलेली नाही. १९६०च्या दशकात बॅरी स्टरमन यांनी कॅलिफोर्नियात मांजरांना मेंदूतली १२ ते १५ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२ ते १५ वेळा होणारी, एक लय वाढवायला शिकवलं. लय आली की खाऊ. पुढे रॉकेटच्या इंधनातलं विषारी रसायन दिल्यावर या मांजरांना झटके उशिरा आले. मांजराला कसलीच अपेक्षा नसते, म्हणून मला तो प्रयोग आजही मोलाचा वाटतो. आईबापांना मात्र अपेक्षा असते, आणि ती असणारच.

म्हणूनच अमेरिकेतली एक चाचणी महत्त्वाची. ७ ते १० वर्षांची १४४ मुलं, ३८ सेशन. काही मुलांच्या पडद्यावरचा खेळ त्यांच्या स्वतःच्या लहरींवर चालत होता, बाकीच्यांचा आधीच रेकॉर्ड केलेल्या लहरींवर. कोणाचं काय, हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना ठाऊक नव्हतं. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. वर्षभरानंतरही त्यांच्यात फरक नव्हता. २०२४च्या अखेरीस ३८ चाचण्या आणि जवळपास अडीच हजार लोकांचा एकत्रित आढावा आला. उपचार माहीत नसलेल्यांनी लक्षणं मोजली, तेव्हा दखल घ्यावी असा फायदा दिसला नाही.

मशिनसमोर बसणाऱ्या मला याचं फार नवल वाटत नाही. मेंदूचा सिग्नल टाळूवर पोचेपर्यंत जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजण्याइतका, उरतो. मुलाने पापणी लववली की कपाळावरच्या चॅनलमध्ये भला मोठा खड्डा पडतो, आणि मशिन त्याला संथ लहर समजू शकतं. दात आवळले की कानशिलाजवळ बारीक, दाट रेघोट्या उमटतात, त्या बीटा नावाच्या वेगवान मेंदूलहरींत मोजल्या जाऊ शकतात. "बाळा, तोंड जरा उघडं ठेव," म्हटलं की क्षणात रेघ स्वच्छ. सॉफ्टवेअर यातलं बरंच गाळतं, सगळं नाही. पडद्यावरचं विमान मेंदूने उडवलं की जबड्याने, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

बहिणीला सेंटरमध्ये भेटलेल्या आई मंडळी "आमच्या मुलांना फरक पडला" म्हणतात, त्या खोटं बोलत नाहीत. त्यांची मुलं सुधारली असतील. कोणीतरी आठवड्यातून दोनतीनदा शांतपणे शेजारी बसतं, शाबासकी देतं, घरचेही ओरडणं कमी करतात, मूलही मोठं होत असतं. या सगळ्याचा उपयोग होतो. त्यासाठी डोक्याला वायरी लावायची गरज नाही.

बहीण एडीएचडीच्या गोळ्यांना घाबरते. ती भीती मी हसण्यावारी नेणार नाही. एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या औषधाने भूक कमी होते, कधी झोप लागत नाही. पण हे दुष्परिणाम डॉक्टरांना माहीत आहेत, वजन-उंची मोजून लक्ष ठेवता येतं, डोस बदलता येतो. औषधाचा गुण बनावट गोळीशी ताडून बघितलेला आहे. पालकांसाठीच्या प्रशिक्षणाचीही मदत होते. मी तिला बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यायला सांगितलंय, आणि जाताना वर्गशिक्षिकेकडून मुलाबद्दल चार ओळी लिहून आणायला.