लांबी आणि रुंदी

दुपारी चारच्या सुमारास खिडकीतून येणारे ऊन भिंतीला अगदी घासून जाते, आणि तेवढ्या वेळापुरता त्या जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर मी दोन वर्षांपूर्वी बुजवलेल्या भोकाचा उंचवटा कपाळावरच्या टेंगळासारखा वर येतो. दाराची मूठ आपटून पडलेले भोक, त्यावर चिकटवलेली जाळीची टेप आणि तिच्यावर लांबी, म्हणजे भोके बुजवायची पुट्टी, असे सारे मी रीतसर केले होते. फक्त हातातला पत्रा, म्हणजे लांबी ओढायचे सपाट पाते, चार इंची होता.

रंगारी जिला लांबी म्हणतात ती भरताना खरा प्रश्न रुंदीचा असतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते आणि सांगितले असते तरी बहुधा मी ऐकले नसते. टेपवरचा पहिला हात सहा इंची पत्र्याने द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि पुढचे हात दहा-बारा इंची पत्र्याने देत प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बाहेर न्यावा, म्हणजे तो कोठे संपला हे बोटालाही कळत नाही. उंचवटा नाहीसा होत नसतोच. तो डोळ्याला फसवण्याइतका पसरवायचा असतो. अरुंद पत्रा मात्र दोन्ही कडांना रेघा सोडतो, त्या पुसायला गेले की नव्या उमटतात, आणि शेवटी पॉलिश पेपरने घासता घासता सारी खोली पांढरी होते.

मध्ये जिप्सम आणि दोन्ही अंगांना कागद असा हा बोर्ड कापायला लागतो तो साधा कटर. वरच्या कागदावर एक खोल रेघ, मागून एक झटका आणि मागच्या कागदावर पाते. करवत फक्त स्विचबोर्डाच्या चौकोनापुरती. पहिल्यांदा बोर्ड असा मोडला तेव्हा मला वडिलांची हिरकणी, म्हणजे काच कापायचे हत्यार, आठवली. काच कापताना ते रेघ एकदाच ओढत, दुसऱ्यांदा कधीही नाही, मग काच टेबलाच्या कडेवर सरकवून आम्हां भावंडांना गप्प बसायला लावत, आणि त्या शांततेत ‘टक्’ असा जो आवाज होई त्याची सर पुढे कशालाच आली नाही. बोर्डाचा आवाज बोदा असतो, पण तो चुकाही पोटात घालतो.

स्क्रूच्या बाबतीत मात्र तो मुळीच क्षमाशील नाही. साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डाला पंचवीस मिलिमीटरचा स्क्रू पुरतो, पण त्याचे डोके कागदाच्या किंचित आत जावे आणि कागद फाटू नये, कारण पकड कागदाची असते, आतल्या भुसभुशीत जिप्समची नव्हे. त्यासाठी ड्रिलला लावायचा, ठरावीक खोलीवर थांबणारा स्क्रूचा बिट मिळतो आणि माझ्या मते ड्रिलपेक्षाही आधी तोच घ्यावा.

बारा इंची पत्रा मी आणला, त्यालाही दोन महिने झाले. तो अजून वेष्टनातच आहे, कारण पाच वाजले की ऊन सरकते आणि भिंत सपाट दिसू लागते.