उभ्या चढाचा पत्ता

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि रोड बाइकवर बसून चढ शोधणाऱ्या माणसाची पहिली अडचण हीच उंची आहे. ती आपल्याला जन्मतः मिळालेली असते, पायांनी कमावलेली नसते. पश्चिमेला आंबोली, तिलारी, चोर्ला आणि अनमोड असे एकाहून एक नामांकित घाट हाताशी आहेत, पण ते सगळे आपल्या बाजूने खाली उतरतात. सावंतवाडीचा सायकलस्वार पहाटेच्या गारव्यात आंबोली चढतो, वर चहा पितो आणि पायडल न मारता घरी परततो. बेळगावच्या सायकलस्वाराने मात्र आधी उतरायचे, आणि ऊन डोक्यावर आल्यावर, बाटलीतले पाणी कोमट झाल्यावर, तोच घाट चढून घर गाठायचे. आधी गोडाचा कुंदा खाऊन मग पंगतीत भाकरी मोडायला बसण्याचाच हा प्रकार आहे.

शिवाय घाटापर्यंत पोहोचण्यातच सकाळ संपते. पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी असे करत चोर्ल्याच्या माथ्यावर जायचे, खाली गोव्यातल्या केरीपर्यंत उतरायचे आणि परत यायचे, हा रविवारचा सबंध दिवस मागणारा बेत आहे. नोकरीधंदा सांभाळून सायकल चालवणाऱ्याला हवा असतो तो घराजवळचा चढ. नऊच्या आत परतता येईल, डांबर बरे असेल, वाहतूक विरळ असेल आणि तरीही छातीत धडधड होईल, असा. असे चढ या परिसरात आहेत, फक्त ते कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाहीत.

चढ किती उभा आहे हे टक्क्यांत सांगायची पद्धत आहे. आडव्या 100 मीटरमागे रस्ता 8 मीटर उंचावला, तर तो 8 टक्क्यांचा चढ. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो वजन धरले, तर अशा चढावर ताशी 10 किलोमीटरने जायला केवळ गुरुत्वाकर्षणाशी झुंजण्यात सुमारे 175 वॅट खर्ची पडतात. वारा आणि टायरचे घर्षण वेगळे. चढ 12 टक्क्यांचा झाला की तेवढ्याच ताकदीत वेग ताशी पावणेसातच्याही खाली येतो. पुढे 34 दात्यांची आणि मागे 28 दात्यांची चकती असलेल्या सायकलचे पायडल त्या वेगाला मिनिटाला पंचेचाळीस फेरेही पूर्ण करत नाही. तेव्हा तोल सांभाळणे हेच मुख्य काम होऊन बसते, आणि रस्त्याच्या कडेने चाललेली म्हातारी आपल्याशी सहज गप्पा मारत सोबत करू शकते.

आता गंमत अशी आहे की ज्या घाटांची नावे ऐकून माणसे कानाला हात लावतात, ते घाट लांब असले तरी फारसे उभे नसतात. डोंगरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने घालून दिलेले दंडक पाहिले तर कारण कळते. उभ्या डोंगरातही रस्त्याचा चढ साधारणपणे 6 टक्क्यांच्या आत ठेवावा, नाइलाज असेल तर 7 आणि अगदी अपवाद म्हणून थोड्या अंतरापुरता 8, असा तो हिशेब आहे. हेअरपिन वळणावर तर चढ 40 मीटरला 1 मीटर यापेक्षा जास्त नसावा, असे सांगितलेले आहे. म्हणजे रीतसर बांधलेल्या घाटात प्रत्येक वळण ही विश्रांतीची जागा असते. त्याआधीच्या काळातही फार वेगळे नव्हते. वेंगुर्ल्याचे बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडणारा आंबोलीचा रस्ता इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात काढला तो भरलेल्या बैलगाड्यांसाठी, आणि भरल्या गाडीचे बैल ज्या चढावर थांबून फुरफुरतील तो चढ इंजिनिअरच्या दृष्टीने वाईटच. रेल्वेचे लाड तर त्याहून जास्त. कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणाऱ्या रुळांचा चढ 37 मीटरला 1 मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तेवढ्यासाठीही गाडीला जादा इंजिने लावावी लागतात.

म्हणून उभा चढ शोधताना डोंगराच्या उंचीकडे पाहण्याआधी हा रस्ता मुळात कोणासाठी झाला, असे विचारावे. जो रस्ता बैलासाठी, मालमोटारीसाठी किंवा पलटणीसाठी आखला गेला, तो वळसे घेत, सबुरीने चढतो. जी पायवाट शेकडो वर्षे भाविकांच्या, गुराख्यांच्या किंवा गडकऱ्यांच्या पायांखाली मळली आणि अलीकडे जिच्यावर खडी, डांबर किंवा काँक्रीट पडले, ती मात्र आपला जुना स्वभाव सोडत नाही. पायी चालणाऱ्याला वळसा नको असतो, त्याला देवळाचा कळस दिसत असतो. सीमाभागात गड आणि देवस्थाने यांना तोटा नाही, आणि गेल्या काही वर्षांत त्यांपैकी बहुतेकांपर्यंत चारचाकी जाऊ लागल्यामुळे सायकलवाल्याची अनायासे सोय झाली आहे.

राजहंसगड हे याचे सर्वांत जवळचे उदाहरण. वडगावकडून येळ्ळूरला जाताना दोन्ही बाजूंना भाताची शिवारे लागतात. येळ्ळूरचा बासमती बेळगावात अजूनही नाव घेऊन विकला जातो. तिथवर रस्ता इतका सपाट असतो की समोर दिसणारा गड आपल्याशी संबंधित आहे असे वाटतच नाही. गाव मागे पडले की चढ हळूच सुरू होतो, आणि गडाच्या अंगाला भिडल्यावर एकदम उभा राहतो. गडावर सिद्धेश्वराचे मंदिर आहे आणि 2023 साली शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाल्यापासून वर जाणाऱ्या गाड्या फार वाढल्या आहेत. रविवारी आठनंतर तिथे चढाशी कमी आणि हॉर्नशी जास्त सामना होतो. मधल्या वारी पहाटे मात्र तो रस्ता आपला असतो. चढ आखूड आहे, पण आखूडपणाचा फायदा असा की एकदा वर गेल्यावर पुन्हा खाली येऊन तोच चढ दुसऱ्यांदा चढता येतो, आणि दुसऱ्या खेपेला तो किती खरा आहे ते समजते.

महिपाळगड मला त्याहून मोलाचा वाटतो. वेंगुर्ले रस्त्याने हिंडलगा, सुळगा, बाची असे जाऊन शिनोळीत शिरले की आपण कर्नाटकातून महाराष्ट्रात येतो. ज्या सीमेवरून इतकी वर्षे रणे माजली, ती सायकलवर असताना दोन पायडलांत ओलांडली जाते, आणि पाट्यांची लिपी सोडली तर ना डांबर बदलते ना भाषा. तिथून देवरवाडी, आणि देवरवाडीच्या वर झाडीत वैजनाथ आणि आरोग्य भवानीचे जुने देवस्थान. बहुतेक लोकांची सहल तिथेच संपते. सायकलस्वाराची तिथे सुरू व्हावी. गडावर आजही नांदते गाव आहे, त्यामुळे रस्ता राबता आहे, पण गावापुरताच. झाडीतून जाणाऱ्या त्या रस्त्यावर पुढचे वळण दिसत नाही, आणि ते दिसत नाही हीच त्याची कृपा आहे. डाव्या हाताच्या वळणावर आतून जाऊ नये, एवढे मी नवख्याला सांगेन. वळणाच्या आतल्या कडेने अंतर कमी आणि चढाई तेवढीच असते, म्हणून आतली कड नेहमी अधिक उभी असते. मागून-पुढून वाहन नसेल तर थोडे बाहेरून फिरावे.

हे सगळे आता मोबाइलच्या नकाशावर घरबसल्या दिसते, असे कोणी म्हणेल. दिसते, पण उलटे दिसते. बहुतेक नकाशांतली उंची फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकी अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीवर किंवा तशाच उपग्रही मोजणीवर बेतलेली असते, आणि ती मोजणी जमिनीचे साधारण 30 मीटरचे चौकोन पाडून केलेली आहे. चोर्ल्यासारख्या घाटात रस्ता कड्याच्या कुशीतून जातो. रस्त्याची रेघ नकाशावर एका चौकोनाने सरकली की ती कड्यावर तरी चढते नाही तर दरीत तरी पडते. मग अ‍ॅप बिनदिक्कत सांगते की अमुक वळणावर 25 टक्के चढ आहे, आणि प्रत्यक्षात तिथे बस आरामात चाललेली असते. याउलट लहान टेकडीवरचा शंभर-दीडशे मीटरचा खरा उभा तुकडा त्या चौकोनांच्या सरासरीत चेपून जातो. थोडक्यात, यंत्र घाटाला उगाच भिववते आणि टेकडीला उगाच गरीब ठरवते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे जुने नकाशे मला अधिक भरवशाचे वाटतात. त्यांत समोच्च रेषा 20 मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. रस्त्याचा एक किलोमीटर घ्यावा, त्याने पाच रेषा ओलांडल्या तर 100 मीटर चढाई झाली आणि चढ 10 टक्क्यांचा भरला. गडाच्या माहितीफलकावरची उंची मात्र सोडून द्यावी. ती समुद्रापासून मोजलेली असते, आणि त्यातले साडेसातशे मीटर बेळगावचेच असतात.

नकाशाच्या पुढची चौकशी माणसांकडे करावी लागते, आणि तिथे प्रश्न कसा विचारायचा याला महत्त्व आहे. “मामा, वर चढ कसा आहे?” असे एका टेम्पोवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, “चढ काय नाही ओ, गाडी आरामात जातीय.” मग मी विचारले, “आणि मोटरसायकलवर मागं कोण बसलं असेल तर?” त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “त्याला उतरायला लागतंय की एका ठिकाणी.” ते एक ठिकाण हेच आपले उत्तर. इंजिन असलेल्या माणसाला टक्के कळत नाहीत, पण गाडी पहिल्या गिअरमध्ये कुठे टाकावी लागते हे त्याला पक्के ठाऊक असते.

रस्ताही बोलतो, फक्त मान खाली घालून पाहावे लागते. काँक्रीटवर आडव्या खाचा मारलेल्या दिसल्या तर ठेकेदारालाही चाके घसरण्याची काळजी वाटली होती असे समजावे. डांबरावर टायर घासल्याचे काळे पट्टे दिसले तर तिथे कोणीतरी थांबून पुन्हा निघाले आहे. सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे रस्त्याच्या कडेला पडलेले तीन-चार ओबडधोबड दगड, ज्यांची एक बाजू चाकाच्या दाबाने गुळगुळीत आणि काळपट झालेली असते. भरलेला ट्रॅक्टर चढावर दमला की मागच्या चाकाला लावायला ते आणलेले असतात, आणि काम झाल्यावर ते तिथेच राहतात. असे दगड सपाट रस्त्यावर कधी सापडत नाहीत.

उत्तरेकडचे आणि पूर्वेकडचे चढ मी थोडक्यात उरकतो. वंटमुरीचा आणि निपाणीजवळचा तवंदीचा घाट मुंबई-बेंगळूर महामार्गावर आहेत. चढ सौम्य, आणि शेजारून कंटेनर घोंघावत जाणार, त्यात सायकलीचे काय काम? सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर चांगला आहे, पण पौर्णिमा टाळून जावे, कारण त्या दिवशी रस्त्यावर पहिला हक्क भाविकांचा असतो.

तिलारी हा मात्र वेगळा मामला आहे. माथ्यावरच्या तिलारीनगरहून दोडामार्गच्या बाजूला उतरणारा हा घाट मुळात जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी निघाला, आणि ते त्याच्या अंगावर दिसते. वळणे आखूड आहेत, चढ दंडकाला फारसा जुमानत नाही, आणि अवजड वाहनांना तो कधीच मानवला नाही. म्हणजे घाटाची लांबी आणि देवळाच्या वाटेचा उभेपणा असे दोन्ही एका ठिकाणी मिळते. परिसरातला सर्वांत कठीण डांबरी चढ कोणता, असे मला विचारले तर मी तिलारीचे नाव घेईन, आणि तो चढायचा असेल तर गाडीने खाली सोडायला कोणीतरी सोबत घ्या, असेही लगेच सांगेन. उतरताना रिमब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या कडीवरच ब्रेक घासणाऱ्या सायकलवर सतत ब्रेक दाबून धरला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. अशा उतारावर दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे, आणि शक्य असेल तर उतरूच नये.

काळ-वेळेचेही सांगायला हवे. मृगाचा पाऊस सुरू झाला की पश्चिमेकडच्या सावलीतल्या काँक्रीटवर शेवाळ धरते. मग चढावर उभे राहून पायडल मारले की मागचे चाक जागच्या जागी फिरते, आणि बसून मारले तर पुढचे चाक हलके होते. दिवाळीच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात, आणि सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून अरुंद टायर सरळ जात नाही. सुगीत जांबोटीच्या अंगाला काही जण नाचणीची कणसे डांबरावरच पसरतात. त्यांच्या खळ्यावरून सायकल घातलेली कोणाला आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. राहता राहिला पावसाळा ओसरल्यापासून गाळप सुरू होईपर्यंतचा काळ. तेव्हा राजहंसगड आणि महिपाळगड दोन्ही हिरवे असतात, हवा स्वच्छ असते, आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने खड्ड्यांत ओतलेली खडी अजून सुटी झालेली नसते.