बाबा, बॉक्सर इंजिन आणि मागे लटकलेलं वजन

२०१८ च्या एप्रिलची सुरुवात, आईबाबा आमच्याकडे श्टुटगार्टला आले होते आणि मी बाबांना पोर्शे म्युझियमला घेऊन गेले होते. एस-बानमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, नॉयविर्ट्सहाउसला उतरलो की म्युझियम समोरच आहे. इथे बरेच लोक जुन्या गाड्यांना एप्रिल ते ऑक्टोबरचीच नंबरप्लेट घेतात, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ असतं ना, पत्रा गंजतो, त्यामुळे एप्रिल उजाडला की ह्या गाड्या एकदम बाहेर दिसायला लागतात. तशीच एक पोर्शेची जुनी ९११ मागून आली, आमच्या बाजूने वळून गेली, आणि बाबा तिच्याकडे न बघताच म्हणाले, "एअरकूल्ड आहे ही."

बाबांनी पुण्यात तीसेक वर्षं स्कूटर-रिक्षाचं गॅरेज चालवलं, त्यांचा कान तयार आहे. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाभोवती पाणी असतं, ते बराचसा आवाज गिळतं, हवेवरच्या इंजिनात मधे काही नाही, पंख्याची घरघर आणि आतली खडखड सगळी सरळ बाहेर. रिक्षात पण तेच, इंजिन मागे, गार करायला हवा. बाबांना ही गाडी लगेच आपली वाटली ती त्यामुळेच.

आम्ही मुख्य बघायला गेलो होतो ती लाल रंगाची ९०१, नंबर ५७. ९११ चं मूळ नाव ९०१ होतं, सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार शोमध्ये ती त्याच नावाने दाखवली, मग फ्रान्समधून प्युजो कंपनीने हरकत घेतली कारण मधे शून्य असलेली तीन आकडी नावं त्यांची होती, तर शून्य काढून एक टाकला आणि ९११ झालं. पण तोवर ९०१ म्हणून ८२ गाड्या बनल्या होत्या. त्यातली ही ऑक्टोबर १९६४ ची, २०१४ मध्ये एका जुन्या कोठारात सापडली, पुढचे पत्रे गायब, तळ गंजून गेलेला, म्युझियमने ती विकत घेतली आणि तीन वर्षं खपून पुन्हा उभी केली. तिचं प्रदर्शन संपायला थोडेच दिवस राहिले होते. बाबा तिच्यासमोर बराच वेळ उभे होते, पत्र्याचे सांधे बघत.

आता मूळ मुद्दा. ह्या गाडीचं इंजिन मागे आहे एवढंच नाही, ते मागच्या चाकांच्याही मागे लटकलंय. सहा सिलिंडरचं बॉक्सर, म्हणजे तीन डावीकडे आडवे, तीन उजवीकडे आडवे, पहिलं १९९१ सीसीचं, १३० हॉर्सपॉवर, टॉप स्पीड ताशी २१० किमी. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून घाटातून गेलेल्या माणसाला लगेच कळेल, चाकाच्या मागे जे वजन असतं ते वळणावर सगळ्यात जास्त झोकांडतं. ९११ मध्ये वळणात वेग जास्त झाला म्हणून घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात की वजन पुढे जातं, मागच्या टायरची पकड कमी होते आणि शेपूट पुढे यायला बघते. सुरुवातीच्या काही गाड्यांत तर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत प्रत्येकी ११ किलोची वजनं बसवली होती, नुसतं नाक खाली राहावं म्हणून! मग १९६९ च्या मॉडेलला त्यांनी मागची चाकं ५७ मिलीमीटर मागे सरकवली, इंजिन होतं तिथेच ठेवलं, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २२११ वरून २२६८ झाला आणि गाडी बरीच शांत झाली.

पण हीच गोष्ट उलटी पण बघा. वजन मागे म्हणजे चालवणाऱ्या चाकांवर वजन, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना किंवा बर्फावर ही गाडी जी पकडून निघते ती बाकीच्यांना जमत नाही, १९६८, ६९ आणि ७० अशी सलग तीन वर्षं माँटे कार्लो रॅली ९११ ने जिंकली. म्हणून मला ही गाडी आवडते. इंजिन मधे आणणं सोपं होतं, दुसऱ्यांनी तेच केलं, ह्यांनी ते न हलवता वर्षानुवर्षं त्याच्याभोवती बाकी सगळं सुधारलं.

ह्यात माझी लाडकी म्हणजे कॅरेरा आरएस २.७. रेसिंगच्या नियमासाठी ५०० गाड्या बनवायच्या होत्या, ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसला दाखवली आणि शेवटी १५८० बनल्या. २१० हॉर्सपॉवर, पत्रा पातळ, हलक्या व्हर्जनचं वजन हजार किलोच्या आत, मागची चाकं पुढच्यापेक्षा रुंद आणि इंजिनाच्या झाकणावर ती बदकाच्या शेपटीसारखी पट्टी. ती शोभेची नाहीये, वेगात मागचा भाग हवेने उचलला जायचा तो तिने दाबून धरला. परत तीच मागच्या भागाची कहाणी.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी कंपनीने ठरवलं होतं की आता ९११ बंद करायची आणि पुढे इंजिन असलेली ९२८ चालवायची. १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले, जन्म बर्लिनचा, नाझींच्या काळात ज्यू कुटुंबाबरोबर लहानपणीच देश सोडून अमेरिकेत वाढलेले. ते स्वतः सांगायचे, हेल्मुट बॉट ह्या मुख्य इंजिनियरच्या ऑफिसात भिंतीवर तक्ता होता, ९२८ आणि ९४४ ह्या पोर्शेच्याच दुसऱ्या गाड्यांच्या रेघा पुढे जात होत्या, ९११ ची रेघ १९८१ ला संपत होती. शुट्झनी मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर, भिंतीवरून ओढत नेली. बस, निर्णय झाला.

हवेवरचं शेवटचं मॉडेल ९९३, त्याची शेवटची गाडी ३१ मार्च १९९८ ला श्टुटगार्टमधल्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यातून बाहेर पडली. धूर आणि आवाजाचे नियम कडक होत गेले, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व बसवायचे तर नुसत्या हवेने हेड गार राहीना, त्यामुळे पुढच्या मॉडेलपासून, ९९६ पासून, पाणी आलं. मला कारण पटतं. तरी आवाज गेला तो गेलाच.

ह्या जुन्या हवेवरच्या ९११ मध्ये बसल्यावरच्या गोष्टी पण छान आहेत हं. चावी स्टिअरिंगच्या डावीकडे, पाच गोल मीटर आणि त्यात सगळ्यात मोठा मधला आरपीएमचा, स्पीडचा नाही. पेडल वरून लोंबत नाहीत, जमिनीतून वर आलेली असतात. काच उभी, आणि सीटवरून पुढच्या दोन्ही दिव्यांचे उंचवटे दिसतात, त्यामुळे गाडीचा कोपरा कुठे आहे ते बरोबर कळतं.

परतताना पार्किंगमध्ये एक हिरवी जुनी ९११ उभी होती, मालक साठीचा गृहस्थ, इंजिन चालू ठेवून ऑइल बघत होता. बाबा थांबले. मला म्हणाले, "विचार त्याला, चालू इंजिनात ऑइल का बघतोय?" मी विचारलं. त्याने दाखवलं, ह्या इंजिनाचं ऑइल खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, नसतं, वेगळ्या टाकीत असतं, म्हणून सपाट जागेवर, इंजिन गरम आणि चालू असतानाच काडी बघायची, बंद केलं तर चुकीचं दिसतं. बाबांनी मान हलवली, पाठीवर हात बांधून पंख्याकडे वाकून बघितलं, आणि मग त्या माणसाने न विचारताच हलकेच ॲक्सिलरेटरची तार ओढली. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.